गळा साडेतेरा

गुरुवारी अकराला मस्का येतो.
गळ्यात ओळखपत्र, त्यावर त्याचाच फोटो,
फोटोतसुद्धा जीभ बाहेर.
रंग चहात बुडवलेल्या पावाचा, एक कान कुरतडलेला.
मूळचा भायखळ्याच्या पुलाखालचा, दिलनवाझबाई सांगतात.
आता दर बुधवारी आंघोळ, नखं कापलेली,
रिपोर्ट आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले.

लिसी सिस्टर यादी वाचते.
पांढऱ्या पेशी पुरेशा, त्यांनी हात धुवायचे.
कमी असतील त्यांनी काचेच्या अलीकडे.
मी अलीकडे.
साठीचा माणूस,
वर्गाबाहेर उभा केल्यासारखा.

पलीकडे चांगुणाबाई वैती, माहीमच्या.
चाळीस वर्षं टोपलीमागे बसून
मांजर हाकललं, कुत्रं हाकललं, घार, कावळा,
पालिकेचा माणूस.
पहिल्या सलाइनपासून मासळी सोसत नाही.
सून सुकट भाजायला शेजारणीकडे जाते.
पाच महिने हात नुसते साबणाचे.

मस्काने त्यांचे पाय हुंगले, साडीचा काठ हुंगला,
सुई नसलेल्या हातापाशी आला
आणि हलेचना.
नखांच्या कडा. बोटांच्या बेचक्या.
अंगठ्यावरचा कोयत्याचा जुना वण.
पुन्हा नखं.
शेपटी अशी, की खुर्चीच्या पायाला आपटून
दुखत असेल.

काचेतून आवाज येत नाही.
बाईंचे ओठ हलले, मग खांदे हलले,
रडल्या की हसल्या, मला कळलं नाही.
सिस्टरला मागाहून विचारलं.
म्हणाली, दोनदा एकच बोलल्या,
‘अजून हाय गो. अजून हाय.’

पुढच्या गुरुवारी माझं नाव यादीत.

लालबागला दुकान माझं, शर्ट-पँट, चौतीस वर्षं.
औषधाने बोटांची टोकं गेलीत.
सुई धरलीय का, हे बघावं लागतं.
काजं बाहेर करायला देतो
आणि गिऱ्हाइकाला सांगत नाही.

मस्काच्या पाठीवर हात ठेवला.
काही नाही.
हात फिरतोय, हे डोळ्यांनीच कळत होतं.
मऊ आहे हो, म्हटलं,
दिलनवाझबाईंना बरं वाटावं म्हणून.
इतक्या लांबून येतात.

त्याला काय समजलं, ठाऊक नाही.
त्याने हनुवटी माझ्या मांडीवर ठेवली
आणि डोकं सोडून दिलं, सगळंच्या सगळं,
फळीवरून उतरवलेला तागा
कुणी हातात द्यावा तसं.

ओझं कळलं.
बोटांना नाही, मांडीला कळलं.
दर आठवड्याला काट्यावर मी कमी भरतो,
अकरा किलो कुठे गेले कोण जाणे,
त्यातलं थोडं
श्वास घेत परत येऊन पडलं होतं.

सवयीने टेप ओढायला मानेकडे हात नेला.
टेप नव्हती. सलाइनची नळी हाताला लागली.
मग वीत लावली, कुरतडलेल्या कानाखालून.
दीड वीत.
फाइलीच्या पाठीवर लिहिलं, वाकडं,
पण माझ्याच अक्षरात:
मस्का. गळा साडेतेरा. लूज एक इंच.

‘रुमाल शिवतो त्याला,’ म्हटलं,
‘कॉलरवाला. पांढरं कापड आहे,
शाळेच्या गणवेशातलं उरलेलं.’

‘पांढरा नको रे मेल्या,’ शेजारच्या खुर्चीतून,
‘पुलाखालचा तो, दोन दिवसांत मळवील.
माझ्या जुन्या लुगड्यातला घे. जांभळा.
पण धुऊन घे आधी,
नाहीतर हा तोच खाईल.’

माझे तीन गुरुवार राहिलेत.
शिवायला एक पुरतो.
काज एकच आहे.
ते हातानेच करीन म्हणतो,
बघत बघत.